फूटभर जागा

माझ्या सत्तरीचा फ्लेक्स लावायचा, हे घरच्यांनी माझ्या माघारी ठरवलं आणि मला फक्त फोटो पसंत करायला दुकानात नेलं. धाराशिवच्या स्टँडसमोरच्या त्या दुकानात एक मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती. तिनं माझा फोटो पडद्यावर आणला. त्याच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर बारीक ठिपके उमटले. वरच्या बाजूला जागा शिल्लक राहते आहे असं दिसल्यावर तिनं वरच्या कडेचा मधला ठिपका धरला आणि फोटो सरळ वर ओढला. बघता बघता माझं तोंड दुधीभोपळ्यासारखं झालं. मी एवढ्या मोठ्यानं "अहो, थांबा!" म्हणालो की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानंही मान वळवली. मग माझीच मला लाज वाटली. मी तिला हळू आवाजात सांगितलं की कडेचा ठिपका सोडा, कोपऱ्याचा धरा, म्हणजे उंची वाढेल त्या हिशेबात रुंदीही वाढेल. ती हसली. "काका, तुम्हाला डिझाइनमधलं कळतं की," म्हणाली.

मला डिझाइनमधलं काही कळत नाही. मोबाईलवर आलेला फोटो पुढे पाठवायलासुद्धा मला नातवाची मदत लागते. हे एवढं एक मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. ते परंड्याचे पेंटर. त्यांना नाव होतं, पण ते फक्त रेशनकार्डावर असावं. गाव त्यांना पेंटर म्हणायचं आणि पाठीमागं 'उभं-आडवं' म्हणायचं.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा बेंबळीचा; परंड्यात खोली घेऊन राहत होतो आणि सोनारीच्या वाटेवरच्या एका गावात दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे दूध मोजण्यापासून चेअरमनच्या पाहुण्यांना चहा सांगण्यापर्यंत सगळं. रोज सकाळी सायकलवर जायचं आणि उन्हं वर आली की परत यायचं. पेंटर माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे होते. बुटके, काळेसावळे, पायजम्यावर सगळ्या रंगांचे शिंतोडे. पण सदरा मात्र पांढरा आणि इस्त्रीचा. पायजमा रंगाचा आणि सदरा माणसाचा, असं ते म्हणायचे. खांद्याला एक खाकी पिशवी. तिच्यात ब्रश, रंगाचे डबे, निळीची पुडी, दोऱ्याचं रीळ आणि टॉवेलात गुंडाळलेली एक काच.

त्या काचेत त्यांचा जीव होता. काचेवर बारीक चौकटी कोरलेल्या होत्या. लहान फोटोवरून भिंतीवर मोठं चित्र काढायचं झालं की ते काच फोटोवर ठेवायचे, म्हणजे फोटो चौकटींत वाटला जायचा. मग भिंतीवर निळीत बुडवलेला दोरा ताणून धरायचे आणि टिचकी मारून सोडायचे. भिंतीवर निळी रेघ उमटायची. अशा उभ्या आणि आडव्या रेघा मारून काचेवर जितक्या तितक्याच चौकटी भिंतीवर, फक्त मोठ्या. काचेच्या चौथ्या चौकटीत नाकाचा जेवढा तुकडा, तेवढाच भिंतीच्या चौथ्या चौकटीत. हे सोपं वाटतं. यातली सगळी गोम अशी की भिंतीवरची चौकट चौरसच पाहिजे. ती जरा उभट झाली की तिच्यातलं नाकही उभट होतं, डोळे उभट होतात, फेटा आणि खांदेही उभट होतात, आणि माणूस बिघडतो.

"उभं वाढलं की आडवंबी वाढाय पायजे, सेक्रेटरी," ते म्हणायचे. "एकाच अंगानं वाढलं त्याला वाढ म्हणत न्हाईत, सूज म्हणत्यात."

हे तत्त्वज्ञान भिंतीपुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण पेंटर अख्ख्या जगाला काच लावायचे. आमचे चेअरमन त्यांच्या मते नुसते आडवे वाढले होते. मला पहिल्याच भेटीत आपादमस्तक न्याहाळून त्यांनी सांगितलं, "तुमी उभंच वाढलाव. जरा पोटभर जेवत जावा." परंड्याच्या किल्ल्यापुढून आम्ही एकदा चाललो होतो, तर बुरुजाकडं बघून हे थांबले. मला वाटलं आता इतिहास सांगणार. म्हणाले, "बांधणाऱ्यानं चौकट बराबर धरली हुती," आणि पुढं चालू लागले. त्यांच्या पत्नी सरकारी दवाखान्यात आया होत्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि हे पेंटर कुणालाही बिनदिक्कत सांगायचे. एकदा त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "ह्येंचं भिंतीवरचं माप बराबर असतंय. घरचं माप कवाच बराबर आलं न्हाय." पेंटर मनापासून हसले. त्यांना राग येत नसे, आणि त्यांच्याशी भांडणाऱ्याचा त्यामुळे फार विरस व्हायचा.

कामं त्यांच्या हातून जायची ती या एका हट्टापायी. शेजारच्या एका गावच्या सोसायटीची पाटी रंगवायची होती. सोसायटीचं नाव एवढं लांबलचक की ते वाचेपर्यंत आपण कशाला आलो होतो ते माणसानं विसरावं. पाटी आखूड. पेंटर म्हणाले, दोन ओळींत लिहितो. संचालक म्हणाले, एकाच ओळीत पाहिजे आणि अक्षरं मोठी पाहिजेत, एस. टी.तून दिसली पाहिजेत. म्हणजे अक्षरं उंच करायची आणि अंग चोरून उभी करायची. पेंटरांनी ब्रश धुतला, पिशवीत घातला, नमस्कार केला आणि चालत घरी आले. मग दुसऱ्या कुणाकडून ती पाटी झाली. अक्षरं दाटीनं पेरलेल्या ज्वारीच्या ताटांसारखी उंच आणि किडकिडीत. एस. टी.तून दिसायची खरी, पण वाचता कुणालाच यायची नाहीत. खतासाठी आलेले शेतकरी शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरायचे. गिरणीवाल्यानं वैतागून स्वतःच्या दारावर खडूनं लिहिलं, 'सोसायटी पलीकडं'. ते अक्षर मात्र स्वच्छ होतं.

बौद्धवाड्यातल्या विहारात त्यांनी काढलेली बुद्धाची आकृती मी पाहिली आहे. भिंत ऐसपैस. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी करून रंग आणलेला, आणि सगळ्यांची इच्छा अशी की बुद्ध भिंतभर असावेत. पेंटरांकडं होतं ते मूळ चित्र उभं. ते त्यांनी बरोबर मापात मोठं केलं आणि दोन्ही बाजूंची भिंत नुसत्या फिक्या निळ्या रंगानं भरून टाकली. लोक चिडले. एवढी जागा वाया घालवली म्हणाले. पेंटर म्हणाले, "वाया न्हाय. त्येंना बसाया मोकळं लागतंय." वस्तीनं महिनाभर त्यांच्याशी धड बोलणं टाकलं. पण मी गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. चार बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कुणीच बोलत नव्हतं. तिथं आवाज करावासा वाटत नव्हता हे खरं.

त्यांच्या पिशवीत एक स्टीलचा पेलाही असायचा. हॉटेलात चहा मागवला की ते पेला पुढं करायचे, पिऊन झाला की स्वतः विसळायचे. मी वर्षभर हाही त्यांचा विक्षिप्तपणाच धरून चाललो होतो. रंगाचे हात, स्वतःचं भांडं, असं काहीतरी. मी त्यावरून त्यांची थट्टाही केली आहे. आमच्या संस्थेच्या गावातल्या हॉटेलात एका कोपऱ्यात कान तुटलेल्या दोन कपबशा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्या कुणासाठी हे मला समजलं तेव्हा मला माझ्या थट्टेची शिसारी आली. त्या कपाला हात लावायला लागू नये म्हणून हा माणूस घरून पेला घेऊन फिरत होता, आणि मी शिकलासवरलेला त्याला हसत होतो.

आता खरं सांगायचं ते सांगतो. यात माझा दोष आहे.

आमची दूध संस्था ज्यांनी उभी केली त्यांना गाव अण्णा म्हणायचं. मी त्यांना पाहिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात गावातले हिंडते-फिरते पुरुष कामाला पुण्याकडं, कुणी त्याहून लांब निघून गेले. माणसं गेली, जनावरं राहिली. ती अण्णांनी सांभाळली. ओढ्याच्या काठी छावणी घातली. कुठनं वैरण आण, कुठनं पाणी आण, असं करत दुसऱ्यांच्या गाई-म्हशी जगवल्या. पुढं पाऊस झाला, आणि त्याच पावसात आठ दिवसांच्या तापानं अण्णा गेले. माणसं परत आली तेव्हा त्यांची जनावरं दावणीला होती आणि अण्णा नव्हते. संस्था काढायचे कागद त्यांनीच केले होते. त्याच जनावरांच्या दुधावर ती नंतर सुरू झाली. अशा माणसाचं चित्र नव्या इमारतीत नसावं, असं कोण म्हणेल?

इमारत झाली, पण तिच्यात एक घोटाळा राहिला होता. दुधाच्या कॅन आत-बाहेर करायला म्हणून दर्शनी भिंतीत एक उंच खिडकी ठेवली होती. मग सगळ्यांनी ठरवून दूध घ्यायची जागा मागच्या अंगाला नेली. खिडकी आतून विटांनी बुजवली आणि बाहेरून तिथं एक खोलगट चौकट राहिली. पाच फूट उंच, तीन फूट रुंद. चेअरमननी ती पाहिली आणि म्हणाले, "झ्याक. अण्णांना हितंच बसवू." उद्घाटनाला जिल्ह्याचे एक पुढारी येणार होते. हातात सहा दिवस होते. पेंटरांना आणायचं काम माझ्याकडं आलं.

फोटो घ्यायला मी त्यांना अण्णांच्या घरी घेऊन गेलो. अण्णांच्या पत्नी पन्नाशीच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांनी पेटीतून फडक्यात बांधलेला एक फोटो काढला. चार बोटं उंच, तीन बोटं रुंद, छातीपर्यंतचा. गोल चेहरा, भरलेले गाल, डोक्याला फेटा, आणि फोटोवाल्यानं हसू नका म्हणून सांगितल्यावर येतं तसलं दाबलेलं हसू. "ह्येवढाच हाय," त्या म्हणाल्या. मग चहा आला. पेंटर अंगणातच बसले होते. सवयीनं त्यांनी पिशवीतला पेला काढला. मावशींनी तो पाहिला, आत गेल्या, आणि मला दिली होती तसलीच घरातली कपबशी आणून त्यांच्या हातात दिली.

"राहू द्या ते," एवढंच म्हणाल्या.

पेंटरांनी चहा फार सावकाश प्याला. निघताना फोटो दोन्ही हातांनी घेऊन म्हणाले, "आई, ह्येंना हाय तसं हुभं करतो. माझा जिम्मा." हा शब्द त्यांनी माझ्यासमोर दिला होता.

चौकट मोजल्यावर अडचण लगेच कळली. तीन बोटं रुंदीचे तीन फूट केले की चार बोटं उंचीचे होणार चार फूट. चौकट पाच फुटांची. खाली फूटभर जागा रिकामी राहणार. पेंटर म्हणाले, राहू द्या, तिथं फिका रंग भरतो. चेअरमनना ते पटेना. अण्णा वरपासून खालपर्यंत पाहिजेत, रिकामी जागा म्हणजे पैसे संपल्यासारखं दिसतं, पुढाऱ्यांपुढं गावाची शोभा होईल. मग खाली आणखी छाती, पोट, हात काढा. त्याला पेंटर तयार नव्हते. "म्या त्येंना बघितलं न्हाय. फोटोत न्हाय ते माझ्या मनचं काढू का?" यावर चेअरमन म्हणाले, मग सगळंच चित्र जरा वर ओढा, आणि तरातरा निघून गेले. जाता जाता मला सांगून गेले की या पेंटरला जमत नसेल तर उद्या बार्शीहून दुसरा आणा.

पेंटर पिशवी भरू लागले. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

मला त्यांचं मन माहीत होतं, म्हणूनच मला कुठं दाबायचं तेही माहीत होतं. मी म्हणालो, "तुम्ही जा. पण फोटो मला त्या बार्शीवाल्याला द्यावा लागेल. तो फोटोवरच पेन्सिलीनं रेघा मारतो. मावशींकडं दुसरा नाही."

पेंटर थांबले.

"भिंतीवरची चौकट नुसती थोडी उभी धरायची," मी म्हणालो. "एवढ्या उंचावर कोण बघतंय?"

"म्या बघतोय की."

"फोटो तर सुरक्षित राहील."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी दोरा काढला, निळीत बुडवला आणि उभ्या रेघा मारल्या. आडव्या रेघा मारताना प्रत्येक वेळी हात दोन बोटं खाली जास्त नेला. त्या चार दिवसांत ते माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र मनातून खूश होतो. सगळ्यांचं समाधान केलं असं मला वाटत होतं. नोकरीत नवा होतो आणि सगळ्यांचं समाधान करणं म्हणजेच कारभार, अशी माझी समजूत होती.

उद्घाटन सकाळी दहाला. मंडप, लाउडस्पीकर, रांगोळी. चौकटीवर पडदा. पेंटर मंडपात नव्हते, मागं जनावरांच्या हौदाच्या कठड्यावर बसले होते. इस्त्रीचा सदरा होता. पुढाऱ्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि टाळ्या वाजल्या. पण वाजता वाजता विरून गेल्या.

भिंतीवर एक लांबट माणूस होता. गाल आत गेलेले, नाक वर निघालेलं, डोळे खोल, मान बारीक. फोटोतलं ते दाबलेलं हसू ओढलं जाऊन ओठ नुसते मिटल्यासारखे झाले होते. मी चार दिवस ते चित्र शिडीजवळून तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं होतं. लांबून, पुरतं, तेव्हाच पाहिलं.

"कोण ह्ये?" मागून कुणीतरी विचारलं. कुणी फिसकन हसलं. पुढारी सभ्य माणूस; "छान, छान" म्हणत चहाला निघून गेले. चेअरमन तडक हौदाकडं गेले, आणि त्यांच्यामागं मी.

"पेंटर, अण्णाचं तोंड असं हुतं व्हय? इज्जत घालवलीत गावाची!"

पेंटर उठून उभे राहिले. चित्र ओढा असं सांगणारा पुढ्यात उभा होता, आणि ओढायला लावणारा त्याच्या शेजारी. पेंटर म्हणाले, "चुकलं माझं. आजच पुसून घेतो. चार रोजांत परत काढतो." बस्स, एवढंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आणि मी गप्प उभा राहिलो. आयुष्यात मी बऱ्याच वेळा गप्प बसलो आहे, पण हे गप्प बसणं मला अजून टोचतं.

एवढ्यात मंडपाकडची कुजबूज थांबली. हार घालायला मावशींना पुढं आणलं होतं. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता आणि त्या भिंतीपुढं उभ्या होत्या. आम्ही तिघं धावतच गेलो. चेअरमन म्हणाले, "वैनी, मनाला लावून घेऊ नका. बिघडलंय त्ये. उद्या परत..."

मावशींनी त्यांचं ऐकलं नाही. त्या पेंटरांकडं वळल्या.

"पेंटर, तुमी ह्येंना दुष्काळात बघितलं हुतं?"

"न्हाय आई. कवाच बघितलं न्हाय."

"मग ह्ये कुठनं काढलं?"

"फोटो वढला, आई. जागा भराया उभा वढला. तुमाला शब्द दिला हुता आणि म्या ह्यो असा..."

"फोटो लई आदुगरचा हाय," मावशी म्हणाल्या. "बार्शीला काढल्याला. तवा घरात ज्वारी हुती." मग भिंतीकडं बघत, कुणाला सांगावं तसं नाही, आपल्याशीच म्हणाल्या, "सरकारी मिलोची, त्या तांबड्या ज्वारीची भाकरी मिळायची ती निम्मी छावणीवर न्यायचे. गाभण म्हशीला घालायचे. म्हणायचे, तिला दोघांचं लागतंय. शेवटी शेवटी तोंड असंच झालं हुतं. असंच. ही मानबी अशीच."

"पण वैनी, लोकांनी वळखलंच न्हाय..."

"चेअरमन, तुमी तवा गावात नव्हता," मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता. "तुमाला न्हाय वळखू यायचं."

मी सभोवार पाहिलं. हसलेली, 'कोण ह्ये' म्हणालेली माणसं सगळी चाळिशीतली, तेव्हा गाव सोडून गेलेली. जी म्हातारी माणसं आणि बाया तेव्हा गावात राहिल्या होत्या त्या मंडपाच्या कडेला होत्या. त्यांतलं कुणीच हसलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात धरली होती. चेअरमनांच्या दोन म्हशी त्या छावणीत होत्या, हे मला नंतर कळलं. ते स्वतःच एकदा बोलले.

चहा झाला, पुढारी गेले, मंडपवाले बांबू सोडू लागले. पेंटर शिडी लावून, ओलं फडकं घेऊन पहिल्या पायरीवर उभेच होते. त्यांना अजून ते पुसायचं होतं.

"आई, तुमाला पटलं, तरी ह्ये चुकीचं हाय. म्या ह्येंना बघून असं काढलेलं न्हाय. ह्यो माझा गुन्हा हाय."

"तुमचा गुन्हा तुमी बगा," मावशी म्हणाल्या. "माणूस माझा हाय. फडकं ठेवा खाली."

पेंटर खाली उतरले. मावशींनी मला हार घालायला दिला, मी शिडीवरून घातला. त्या जायला निघाल्या, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या. आता त्यांचा चेहरा सकाळसारखा स्थिर नव्हता.

"पेंटर," त्या म्हणाल्या, "ह्ये आता रोजच असं उपाशी ऱ्हाणार का ओ?"

पेंटरांनी शिडी बाजूला केली.

"ह्येंच्या म्होरं भाकरी काढता यील?"

"जागा न्हाय, आई," पेंटर म्हणाले, आणि ते बोलताना त्यांचे डोळे भरून आले. "खाली फूटभर जागा हुती. ती म्या ह्येंच्यातच वढून घातली."

मावशींनी चौकटीखालच्या उघड्या भिंतीला हात लावून पाहिला. गिलावा सुकलेला होता.

"मग हितं काढा. वाकून घेतील."

पेंटर जमिनीवर बसले आणि त्यांनी पिशवीतून दोरा काढला. "केवढी करत हुता तुमी?"

मावशींनी भाकरी थापून उचलताना धरतात तसे दोन्ही तळवे हवेत धरले. "ह्येवढी." पेंटरांनी दोऱ्याचं एक टोक एका तळव्याला लावलं, दुसरं दुसऱ्याला, आणि चिमटीत माप पकडलं. मावशी वर भिंतीकडं बघत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हात आणखी लांब नेले. "जरा मोठी करा."

पेंटरांनी चिमूट सोडली आणि आणखी दोरा दिला.